दिवेखोलला वास सून सांगते

दोष गोमाजी नाखव्याचा होता. देवळाच्या पडवीत बसलेले म्हातारे पाहुण्यांना ही गोष्ट सांगताना वेळाई देवीचा कोप झाला म्हणतात. कोणी समुद्रावर ढकलतं, कोणी त्या मेलेल्या माशावर. मासा मेलेला होता, त्याने काय करायचं होतं? एक वाक्य बोलायचं काम गोमाजीचं होतं. ते त्याने केलं नाही, आणि त्याच्याभोवती बसलेल्या जाणत्या माणसांनी ते त्याला करायला लावलं नाही.

दिवेखोलचा किनारा कोयतीच्या पात्यासारखा वाकलेला आहे. उत्तरेला होड्या, मधे वाळत घातलेली जाळी, दक्षिणेच्या टोकाला केवड्याचं बन. बनाच्या अलीकडे दगडांचा कमरेएवढा ढीग दिसतो. पाहुणे त्याच्यावर बसून फोटो काढतात आणि त्यांना उठवलं जातं. ती गोडी विहीर आहे. म्हणजे होती.

नारळी पुनवेच्या सकाळी, भरती लागायच्या आधी, गावातले सगळे म्हातारे या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून ओळीने बसतात. प्रत्येकाच्या तोंडात डोंगरावरच्या झऱ्याच्या पाण्याचा एक घोट असतो. तो गिळायचा नाही, थुंकायचा नाही, नुसता धरून ठेवायचा. मग त्या वर्षी लग्न होऊन आलेली सर्वांत नवी सून उत्तरेच्या टोकापासून केवड्याच्या बनापर्यंत अनवाणी चालते, वास घेत. कुठे काही कुजलं असेल, कोणाच्या परसातलं सांडपाणी वाळूत उतरलं असेल, तर तिथे उभी राहून मोठ्याने सांगते. ती जागा तिथल्या तिथे उकरली जाते. "वारा गोड आहे" असं ती म्हणेपर्यंत एकही होडी पाण्याला लागत नाही आणि एकाही म्हाताऱ्याला बोलता येत नाही. ज्याच्या दाढीवर पाण्याचा ओघळ दिसला, त्याच्या घरची होडी त्या दिवशी किनाऱ्यावरच राहते.

चालणारी पोर प्रत्येक परसापाशी आधी मागे वळून बघते. सासरच्या गावाची घाण चारचौघांत बोलून दाखवायची म्हणजे सोपं नाही. मागून बायका ओरडतात, "बोल गो, घाबरू नको, त्यांची तोंडं भरलेली हायत."

ही रीत कशी पडली ते असं सांगतात.

तेव्हा होड्यांना शिडं होती आणि धुक्यात वाट दाखवायला माणसाच्या नाकाशिवाय काही नव्हतं. दिवेखोलचा नाखवा, म्हणजे सगळ्या होड्यांचा मुख्य, तोच व्हायचा ज्याचं नाक गावात सगळ्यांत तिखट. गोमाजीचं नाक तर म्हणे चार बंदरांत माहीत होतं. होडीच्या तोंडाशी उभा राहून डोळे मिटायचा आणि सांगायचा, इकडे खाजणाचा चिखल आहे, तिकडे पोफळीचं बन, मधून काढा. सुक्या मासळीच्या ढिगातला एक बोंबील उचलून नाकापाशी न्यायचा. परत ठेवला तर माल चांगला. वाऱ्यावर भिरकावला तर सगळा ढीग खड्ड्यात जायचा आणि मालक हूं की चूं करत नसे. शब्द उलटा फिरवायची सोय नव्हती. नाकच त्याचं, तर म्हणणंही त्याचंच.

आणि त्या नाकाला वास येत नव्हता.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गोमाजीला ताप आला होता. अकरा दिवस अंथरुणाला खिळून होता. उठला तेव्हा बायको सोनाय निखाऱ्यावर बांगडा भाजत होती आणि त्याला धूर दिसला, वास आला नाही. त्याने चुलीत तोंड घातलं, भुवया जळल्या, तरी आला नाही. त्याच दिवशी गावाला सांगितलं असतं तर गावाने दुसरा नाखवा केला असता. फार तर पहिल्या पाटाचा मान गेला असता. पण गोमाजीने सोनायला गप्प बसवलं आणि सोनायने वाट काढली. वास घ्यायची वेळ आली की ती मागे उभी राहायची. बांगड्या एकदा वाजल्या तर चांगलं, दोनदा वाजल्या तर वाईट. दीड वर्ष हे चाललं आणि मग चैत्रात सोनाय वारली.

तेव्हापासून गोमाजी डोळ्यांवर निभावून नेत होता. वास येतो का म्हणून कोणी विचारलं की तो आधी कावळे कुठे बसलेत ते बघे, कुत्री कुठे हुंगतायत ते बघे, समोरच्याच्या नाकपुड्या बघे. अंगठ्याने माशाचे कल्ले दाबून बघे. दिवसभर घाबरलेला असे आणि घाबरलेला माणूस करडा दिसतो, म्हणून गाव त्याला आणखीच मानू लागलं.

त्या आषाढात मोठं वादळ झालं. एक देवमासा, नऊ होड्यांत मिळून मावला नसता एवढा, भरतीबरोबर केवड्याच्या बनामागच्या खळग्यात येऊन पडला, आणि त्याच वादळाने त्याच्यावर वाळू लोटली. कोणी पाहिलं नाही. वाळूखाली तो कुजायला लागला. तिथून तीस पावलांवर गोडी विहीर होती. समुद्राच्या इतक्या जवळ असूनही जिचं पाणी गोड लागायचं, म्हणून तिचं हे नाव.

नागपंचमीच्या दिवशी वास सुटला. आधी केवडा कुजल्यासारखा गोडसर, दुसऱ्या दिवशी घशाशी येणारा. वाळत घातलेलं लुगडं घरात आणलं तर घरात यायचा. भाकरीला यायचा. चार माणसं गोमाजीकडे आली.

"नाखवा, किनाऱ्याला घाण सुटलीय. बघा जरा."

गोमाजी बाहेर आला. डोळे मिटून मान वर केली, जशी तो नेहमी करायचा. मग डोळे किलकिले करून कावळे शोधले. कावळे जाळ्यांवर होते, नेहमीच्या जागी. वाळूखाली पुरलेल्यावर कावळे कसे बसतील? कुत्री सावलीत झोपलेली. ज्याने विचारलं होतं तो तोंडाने श्वास घेत होता, त्यामुळे नाकपुड्यांवरूनही काही कळेना. गोमाजीला वाटलं, हे आपली परीक्षा बघायला आलेत.

"कसली घाण," तो म्हणाला. "पावसाळी दर्या हाय. घुसळलेला वास हाय तो. चार दिसांत जाईल."

आता खरी गंमत. गोमाजीला वास येत नव्हता, ते एक सोडा. पण त्याच्या ओसरीवर त्या वेळी गावातले सात म्हातारे बसले होते. त्या सातांची नाकं धडधाकट होती. सातही जणांच्या घशाशी मळमळ आली होती. आणि सातही जणांनी माना हलवल्या. दर्याचाच वास म्हणे. आम्ही लहान असतानाही असाच यायचा. आजकालच्या माणसांना काही सोसत नाही.

झालं. नाखवा बोलला म्हणजे वास नाही. वास नाही तर खणायचं कशाला, आणि कुठे?

मग नसलेल्या वासावर उपाय सुरू झाले. वेळाईच्या देवळातला बारकू भगत म्हणाला, देवीला ऊद हवाय. ऊद जाळला. नारळाच्या सोडणांचा धूर केला, दारात केवड्याची पानं टांगली, सगळी अंगणं दोनदा सारवली. देवीला कोंबडा दिला. धूर, केवडा, शेण आणि सडलेलं मांस या चारींचा मिळून जो वास झाला, त्याने पोरं ओकायला लागली. बायका नाकाला पदर लावून फिरू लागल्या. हे गोमाजीच्या डोळ्यांवर आलं. नाखव्यासमोर नाक झाकायचं म्हणजे त्याला तोंडावर खोटा म्हणायचं. त्याने हुकूम काढला की गावात कोणी नाकाला पदर लावायचा नाही. म्हाताऱ्यांनी दुजोरा दिला. बायकांनी पदर खाली घेतले आणि श्वास धरून फिरू लागल्या.

गोडीच्या पाण्याला सहाव्या दिवशी वास लागला. तोही कोणी बोललं नाही. बायका सरपणाच्या नावाने डोंगरावर जायला लागल्या आणि मोळीत हंडा लपवून झऱ्याचं पाणी आणू लागल्या. म्हातारे ते पाणी प्यायचे, मिशा पुसायचे, कुठून आणलं ते विचारायचे नाहीत. आणि ओसरीवर बसून म्हणायचे, आपल्या गोडीसारखं पाणी पंचक्रोशीत नाही. गोमाजी तेवढा खरंच समजून होता की आपण गोडीचं पितोय.

गोमाजीची सून पदी हे सगळं पाहत होती. तिचा नवरा लखमा गोमाजीचा एकुलता एक. दोघांना दीड वर्षाची मैनी नावाची मुलगी. पदी फार बोलणारी नव्हती. पण सासूच्या बांगड्या तिने दीड वर्ष ऐकल्या होत्या, आणि सासू गेल्यापासून सासरा करपलेली भाकरी मुकाट्याने खातो हेही तिच्या लक्षात आलं होतं.

पुनवेच्या आदल्या दुपारी लखमा पावसासाठी होडीवर घातलेले झाप उतरवायला गेलेला. गोमाजी ओसरीवर एकटा होता. पदीने त्याच्यापुढे दोन तांबे ठेवले.

"मामंजी, यातलं गोडीचं कुठलं नि झऱ्याचं कुठलं?"

"हे काय खूळ काढलंस?"

"सांगा ना. तुमाला काय अवघड हाय?"

गोमाजीने तांब्यांत पाहिलं. दोन्ही पाणी सारखंच स्वच्छ. त्याने पदीच्या तोंडाकडे पाहिलं. तिने तोंडावरची माशीसुद्धा हलू दिली नाही. हात पदरात घेतलेले. बांगड्या कोपरापर्यंत चढवून ठेवलेल्या, एकही वाजणार नाही अशा. ते पाहिलं आणि गोमाजीला कळलं की हिला कळलंय. तरी त्याने डावा तांब्या उचलला.

"हे झऱ्याचं. गोड हाय," म्हणाला आणि ओठाला लावणार, तोच पदीने तांब्या हिसकला आणि अंगणात ओतला. कोंबड्या दाणे टिपत होत्या त्या ओल्या जागेपासून लांब झाल्या.

"कधीपासून?" पदीने विचारलं.

गोमाजी रागावला. आवाज चढवला. सुनेने सासऱ्याला असं विचारायचं का, म्हणाला. त्याचा आवाज संपला तेव्हा पदी तिथेच उभी होती.

"तुझी सासू जायच्या आधीपासून," तो म्हणाला.

"मग उद्या काय करणार? नऊ होड्या गोडीचं पाणी भरून चार दिस दर्यात जाणार. पहिल्या दिशी दुसरं पाणी चालत नाय, तुमचीच रीत. तुमचा लेक हाय त्यांच्यात. तिकडं पोटं बिघडली तर कोण आणणार त्यांना परत?"

गोमाजी खाली बसला. पदीने त्याच्याकडे एवढंच मागितलं की वास येतो म्हणून सांगा. येत नसला तरी सांगा. गोमाजीने आधी मैनीला आणायला लावलं, पदीचा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली की या नाकाची गोष्ट तिच्या तोंडून कधीच बाहेर जाणार नाही. पदीने घेतली. मगच तो म्हणाला, "उद्या सांगतो. देवीनं सपनात दाखवलं म्हणेन. विहीर उपसा, बन उकरा म्हणेन."

"काय पण म्हणा," पदी म्हणाली. "म्हणा म्हणजे झालं."

तिने त्याला अंगभर पुरेल असं पांघरूण शिवून दिलं होतं. ना मान जाणार होता, ना नाक. नुसतं देवीचं नाव घ्यायचं होतं. म्हातारे हे पाहुण्यांना सांगत नाहीत.

पुनवेच्या सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. शेजारच्या बंदरांची माणसंही आली होती. दिवेखोलच्या नाखव्याने वारा गोड म्हटल्यावरच तीही आपल्या होड्या लोटायची. वारा दक्षिणेकडून येत होता, सरळ बनावरून. गावच्या माणसांना दहा दिवसांची सवय होती. बाहेरच्यांना नव्हती. पलीकडच्या बंदराचा नाखवा, गोमाजीचा जुना हाडवैरी, पागोट्याचं टोक नाकाला लावून हसत म्हणाला, "काय रे गोमाजी, हा दर्या वास मारतोय की तुझं गाव?"

माणसं हसली.

गोमाजी पाण्याच्या कडेला उभा होता. डोळे मिटलेले, मान वर. सपनाची गोष्ट त्याच्या जिभेवर तयार होती असं सांगतात. वाटेने येताना त्याने ती पुटपुटून पाठ केली होती. पण आता वास आहे म्हणायचं म्हणजे दहा दिवस नाही म्हणत होतो ते या माणसासमोर कबूल करायचं. मागे सात म्हातारे उभे होते. त्यांच्यातला एक जरी खाकरला असता तरी गोमाजीला बोलायला आधार झाला असता. कोणी खाकरलं नाही.

"वारा गोड हाय," गोमाजी म्हणाला.

ढोल वाजले. पदी बायकांत उभी होती, मैनी तिच्या कडेवर. तिने डोळे मिटले.

रीत अशी होती की यानंतर गोडीच्या पाण्याचा तांब्या यायचा. पहिला घोट नाखव्याचा, दुसरा त्याच्या घरातल्या सर्वांत लहान माणसाचा, आणि मग नऊ होड्यांची मडकी त्या विहिरीवर भरली जायची. भगताने तांब्या आणला. गोमाजीने तो तोंडाला लावला. पाणी कसलं आहे ते आता त्याला माहीत होतं. त्याने ओठ आवळून धरले आणि पाणी बाजूने दाढीत सोडून दिलं. हनुवटीवरून छातीवर ओघळ आला. समुद्राच्या तुषारांत कोणाला कळलं नाही. पदीला कळलं.

मग त्याने तांब्या मैनीपुढे धरला. एका थेंबाने काय होतंय, असं त्याला वाटलं असेल. स्वतःच्या थेंबाच्या वेळी मात्र तसं वाटलं नव्हतं.

पदीने पोरीचं तोंड खांद्यात दाबून धरलं.

"पाणी नासलंय," ती म्हणाली.

ढोल थांबले. बारकू भगत पुढे आला. "सासऱ्यानं तुझ्या डोळ्यांदेखत पिलं ना? का तुझं नाक त्याच्याहून मोठं झालं?"

पलीकडच्या बंदराची माणसं परत हसली. म्हाताऱ्यांतून आवाज आला, लखमा, बायकोला घरी ने. पदीने भगताकडे पाहिलंच नाही.

"मामंजी, तुमी प्यालात?"

"प्यालो."

"दाढी पुसा," ती हळूच म्हणाली.

गोमाजीचा हात दाढीकडे गेला आणि मधेच थांबला. पदीने मैनीला शेजारणीकडे दिलं आणि त्याच्या हातातून तांब्या घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीच्या वाट्याचं मी पिते. सगळं पिते. पण मडकी आत्ता भरायची नायत. दुपारची भरती उतरेपर्यंत मी उभी राहिले तर खुशाल भरा, नि मग मला चुलीत घाला."

तांब्या ओठाला लावून ती थांबली आणि सासऱ्याकडे बघत राहिली. नाकाची शपथ तिने मोडली नव्हती. तोंड त्याचं होतं, मोकळं होतं, त्यात पाण्याचा थेंब नव्हता. नको, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. असं सांगतात की तेवढ्यात तीन लाटा फुटल्या आणि सगळ्या किनाऱ्याने त्या ऐकल्या.

गोमाजी वाळूकडे बघत होता.

पदी सावकाश प्यायली. तांब्या संपला तेव्हा उलटा करून दाखवला.

भगत म्हणाला, मुहूर्त टळतोय, बाईमाणसासाठी होड्या थांबवायच्या का? लखमा आपल्या होडीपाशी गेला, दोर परत खुंटाला बांधला आणि वाळूत बसला. "माझी नाय जात," म्हणाला. थोड्या वेळाने दुसऱ्या होडीचे लोक बसले. मग तिसऱ्या. ही सगळी तरणी माणसं होती.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा पदी अजून उभी होती, पण एका हाताने होडी धरून. भरती चढली तेव्हा तिने पोटावर हात दाबला. उतरायला लागली तेव्हा ती गुडघ्यांवर बसली आणि आधी पाणी ओकली, मग हिरवं. लखमाने तिला उचलून घरी नेलं.

त्यानंतर कोणी कोणाला विचारलं नाही. बायकांनी घरांतून फावडी आणली, कुदळी आणल्या, ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी भाकरीच्या काठवटी आणल्या. पदर उघडउघड नाकाला बांधले आणि वासाच्या मागावर गेल्या. दहा दिवस ज्यांना कळत होतं की तो कुठून येतोय, त्यांना शोधायला वेळ लागला नाही. बनामागचा खळगा उकरला. कमरेएवढं खाली गेल्यावर फावडं मऊ कशात तरी रुतलं आणि फुस्स करून सगळं बाहेर आलं.

किनारा मागे हटला. माणसं पळाली, वाकली, ओकली. पलीकडचा नाखवा पागोट्यात तोंड घालून गुडघे टेकून बसला. भगत देवळाकडे धावत सुटला. सातही म्हाताऱ्यांनी उपरण्यांत नाकं खुपसली. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांना वास आला.

खड्ड्याच्या कडेला एकटा गोमाजी उभा राहिला. लोक मागे का सरले ते त्याला क्षणभर कळलं नाही. तो वाकून आत बघत होता, जसं माणूस विहिरीत कळशी पडली का बघतो. कपाळावर एक आठी नाही, नाकाला हात नाही. त्याने मान वळवली तेव्हा अख्खं गाव त्याच्याकडे बघत होतं.

लखमा तेवढ्यात घरून परत आला होता. त्याने बापाकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं.

"बा," तो म्हणाला, "तुला वास येत नाय."

गोमाजीचा हात आता नाकाकडे गेला.

पदी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. सकाळी तिने झऱ्याचं पाणी मागितलं. गोमाजी उठला, साठी उलटलेला माणूस, आणि डोंगर चढून तांब्या भरून घेऊन आला. लखमाने तो हातात घेतला. नाकापाशी नेला. पाणी झऱ्याचंच होतं. तरी त्याने ते अंगणात ओतलं आणि स्वतः डोंगराकडे गेला. तो परत येईपर्यंत पदी वाट बघत राहिली, दोन घोट प्यायली, आणि गेली. नाकाबद्दल तिने शेवटपर्यंत कोणाजवळ शब्द काढला नाही. शपथ तिने पाळली.

देवळातले म्हातारे इथे एक शेपूट जोडतात. म्हणे चितेजवळ गोमाजीला पहिल्यांदा चंदनाचा वास आला, देवीने त्याला माफ केलं. चिता आंब्याच्या ओल्या लाकडांची होती. चंदन परवडणारं ते घर नव्हतं. आणि गोमाजीला कसलाही वास आला नाही, ना तेव्हा, ना नंतर.

माशाचे तुकडे करून त्याच नऊ होड्यांनी ते ओहोटीबरोबर खोल समुद्रात नेऊन टाकले. तीन दिवस लागले. मग गोडी विहीर बुजवली. पहिला दगड लखमाने टाकला, नंतर प्रत्येक घरातल्या बाईने एकेक. पुढच्या पुनवेला नाखवा कोण, असा प्रश्न आला. म्हाताऱ्यांनी दोन नावं काढली होती. पण किनाऱ्यावर बायका आधीच येऊन उभ्या होत्या, हातात झऱ्याच्या पाण्याचे तांबे घेऊन. त्यांनी म्हाताऱ्यांना समुद्राकडे पाठ करून बसवलं आणि सांगितलं, तोंड उघडा, घोट घ्या, आता मिटा. सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सोळा वर्षांची एक पोर पुढे झाली आणि वास घेत चालू लागली. त्या ओळीत गोमाजीही होता. त्याच्या दाढीवर त्या दिवशी थेंब आला नाही.

आजही दिवेखोलला वास सूनच सांगते. बनापाशी पोचली की ती विहिरीच्या ढिगावर एक दगड ठेवते आणि मगच माघारी फिरते, म्हणून ढीग वाढतोच आहे. आजही पुनवेला बायका नाकाला पदर लावून किनाऱ्यावर येतात, वास असो की नसो, आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही. म्हणणाऱ्यांची तोंडं भरलेली असतात.

गोमाजी नाखवा त्यानंतर अकरा वर्षं जगला. त्या अकरा वर्षांत त्याच्या हातचं पाणी त्याच्या घरात कोणी प्यायलं नाही.